स्कॉलरशिपची मुलगी कुठे आहे?

व्हर्जिनिया वुल्फने १९२९ साली ‘अ रूम ऑफ वन्स ओन’मध्ये शेक्सपिअरला एक बहीण कल्पून दिली. तिचे नाव ज्युडिथ. भाऊ गावच्या ग्रामर स्कूलमध्ये जातो, लॅटिन शिकतो, ओव्हिड आणि व्हर्जिल वाचतो. तितकीच प्रतिभावान बहीण घरी राहते, आणि पुढे तिचे जे होते ते इंग्रजी साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असते. आपल्याकडे स्त्रीवादी समीक्षेची पहिली तासिका बहुधा ह्याच गोष्टीने सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच संपते. त्या तासिकेत एक साधा प्रश्न मात्र विचारला जात नाही. १९४४ च्या शिक्षण कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधील सरकारी माध्यमिक शाळांची फी रद्द केली. अकराव्या वर्षी एक परीक्षा उत्तीर्ण झाली की कामगाराच्या, दुकानदाराच्या, शेतमजुराच्या मुलीलाही ग्रामर स्कूलचे (मुलांच्या नव्हे, तर बहुधा मुलींसाठी वेगळ्या काढलेल्या ग्रामर स्कूलचे) दार खुले झाले. म्हणजे ज्युडिथला अखेर जागा मिळाली. मग पुढे काय झाले?

ह्या प्रश्नाची उत्तरे उपलब्ध आहेत. ती छापील पुस्तकांत आहेत, आणि त्यांतले एक तर पारितोषिकप्राप्त आहे. तरीही सांस्कृतिक अभ्यासाच्या नावाखाली आपण शिकवतो तो ‘स्कॉलरशिप बॉय’. रिचर्ड हॉगर्टने १९५७ सालच्या ‘द यूजेस ऑफ लिटरसी’त रंगवलेला हा मुलगा बुद्धीच्या जोरावर आपल्या वर्गातून उचलला जातो, नव्या वर्गात रुजत नाही, आणि शेवटी ना घरचा ना दारचा असा उरतो. मराठी वाचकाला हा मुलगा लगेच ओळखीचा वाटतो. आपल्या ग्रामीण आणि दलित आत्मकथनांतील नायकांशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो, आणि तो मोह अगदीच अस्थानी आहे असेही नाही. पण ह्या ओळखीच्या भरात आपण एक गोष्ट गृहीत धरतो, ती म्हणजे हा मुलगा सार्वत्रिक आहे. त्याच्या जागी मुलगी ठेवली की क्रियापदांची रूपे बदलतील, बाकी कथानक तेच राहील.

प्रस्तुत लेखाचा आक्षेप नेमका इथे आहे. स्कॉलरशिपची मुलगी ही स्कॉलरशिपच्या मुलाची स्त्रीलिंगी आवृत्ती नव्हे. ती त्याच व्यवस्थेची वेगळी आणि अधिक अडचणीची साक्षीदार आहे. तिला वगळून ‘गुणवत्ता’ ह्या शब्दाविषयी बोलणे म्हणजे निम्मी कागदपत्रे बाजूला सारून निकाल देणे होय.

हॉगर्टच्याच मजकुरापासून सुरुवात करू. त्याचा मुलगा घरातल्या एकमेव उबदार खोलीत, टेबलाच्या कोपऱ्यात अभ्यासाला बसतो. रेडिओ चालू असतो, आई इस्त्री करत असते, आणि ह्या साऱ्या कोलाहलातून मनाने बाजूला होण्याची कला मुलगा शिकतो. हे वर्णन सुंदर आहे, त्याचा गौरवही रास्त आहे. पण त्या खोलीत अकरा-बारा वर्षांची एक मुलगी असती तर? तिला मनाने बाजूला होण्याची मुभा कुणी दिली असती? तिच्या हातात इस्त्री आली असती. मुलाच्या अभ्यासासाठी घरातल्या बायका त्याला कामातून सोडवतात. मुलीच्या अभ्यासासाठी तिला सोडवायचे तर तिच्या वाटचे काम दुसऱ्या कुठल्यातरी बाईवर पडते. म्हणजे एकाच टेबलाशी दोघांच्या अभ्यासाचा हिशेब वेगळा आहे. हॉगर्टला हे दिसले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल; त्या खोलीतल्या बायका त्याला चांगल्या दिसतात. त्यांच्यापैकी कुणी परीक्षा उत्तीर्ण झालेली असू शकते, हे मात्र त्याच्या चित्रात बसत नाही.

आता परीक्षेकडे येऊ. ‘इलेव्हन-प्लस’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या चाळणीत गणित, इंग्रजी आणि ‘सर्वसाधारण बुद्धिमत्ता’ ह्यांच्या चाचण्या असत. जे निवडले जात ते ग्रामर स्कूलमध्ये जात. उरलेले, म्हणजे प्रचंड बहुसंख्य, सेकंडरी मॉडर्न शाळेत. किती जणांना निवडायचे हे मुलांच्या बुद्धीवर अवलंबून नसे, तर त्या भागात ग्रामर शाळांच्या किती जागा आहेत ह्यावर अवलंबून असे. कुठे दहांतील एकाला जागा मिळे, कुठे दहांतील चौघांना. एका जिल्ह्यात ‘हुशार’ ठरलेले मूल शेजारच्या जिल्ह्यात ‘सामान्य’ ठरले असते. गुणवत्तेची सीमारेषा जिल्ह्याच्या हद्दीवरून वळत होती, ह्यातच खरे तर पुष्कळ काही आले.

परंतु मुलींच्या बाबतीत ह्याहून मोठी गोष्ट घडत होती. अकराव्या वर्षी ह्या चाचण्यांत मुली मुलग्यांपेक्षा सरस ठरत. एकच गुणयादी लावली असती तर अनेक ठिकाणी ग्रामर शाळांत मुलींची संख्या मुलग्यांपेक्षा जास्त झाली असती. ते होऊ नये म्हणून अनेक स्थानिक शिक्षण अधिकाऱ्यांनी मुलग्यांची आणि मुलींची यादी वेगळी केली. परिणाम सरळ होता: काही मुलींना अशा गुणांवर नाकारले गेले, ज्या गुणांवर मुलगा आत गेला असता. समर्थन असे की मुली लवकर पक्व होतात, मुलगे पुढे त्यांना गाठतात, तेव्हा न्यायासाठी ही दुरुस्ती आवश्यक आहे. ह्या युक्तिवादाची गंमत पाहा. उशिरा पक्व होण्याची सवलत मुलग्यांना मिळाली. ज्या घरात पुस्तक उशिरा आले, किंवा आलेच नाही, त्या घरातल्या मुलांना ‘हीही पुढे गाठतील’ अशी सवलत कुणी दिली नाही. म्हणजे दुरुस्ती तत्त्वाची नव्हती, सोयीची होती.

हा पोकळ आरोप नव्हे, न्यायालयांनी तपासलेली बाब आहे. उत्तर आयर्लंडमध्ये मुलगे आणि मुली ह्यांची क्रमवारी वेगवेगळी लावण्याची पद्धत १९८८ साली न्यायालयात बेकायदेशीर ठरली. बर्मिंगहॅममध्ये प्रश्न जागांचा होता. तिथल्या निवडक शाळांत दरवर्षी मुलग्यांसाठी ५४० जागा होत्या आणि मुलींसाठी ३६०. साहजिकच मुलींना प्रवेशासाठी जास्त गुण लागत. समान संधी आयोगाने नगरपरिषदेविरुद्ध दावा केला, तो हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला, आणि १९८९ साली निकाल आयोगाच्या बाजूने लागला. भेदभाव करण्याचा हेतू होता की नव्हता हे पाहण्याचे कारण नाही. मुलगी मुलगा असती तर तिला जी वागणूक मिळाली असती ती तिला मिळाली नाही, एवढे पुरेसे आहे, असा त्या निकालाचा आशय. समीक्षेच्या विद्यार्थ्यांनी हा निकाल सिद्धान्त म्हणून वाचावा. लेखकाचा हेतू आणि संहितेचा परिणाम ह्यांवर आपण जी काथ्याकूट करतो तिचे इतके स्वच्छ उत्तर क्वचितच मिळते.

इथे मला थांबून एक अप्रिय गोष्ट सांगायची आहे. आपल्याकडे राखीव जागांच्या विरोधात बोलताना ‘निव्वळ गुणवत्ते’ची भाषा वापरली जाते, आणि ती वापरणाऱ्यांच्या मनात कुठेतरी एक आदर्श विलायती शाळा उभी असते. वशिला नाही, जात नाही, केवळ गुण, अशी ती शाळा. तर त्या शाळेत अनेक ठिकाणी कित्येक दशके मुलग्यांसाठी एक मूक आरक्षण होते. ते कायद्याच्या पुस्तकात नव्हते, कुणी त्याच्याविरुद्ध मोर्चे काढले नाहीत, आणि त्याचा लाभ घेतलेल्या कुणाही मुलग्याला जन्मभर ‘तू कोट्यातून आलास’ असे ऐकावे लागले नाही. वेगळी यादी हा शब्द ऐकताच सर्वच वेगळ्या याद्या सारख्या असे समजण्याचेही कारण नाही. आपल्या नवोदय विद्यालयांत, जी सरकारी आणि निवड परीक्षेवर चालणारी आहेत, किमान एक-तृतीयांश जागा मुलींसाठी ठेवल्या जातात. ही यादी ज्यांना दारापर्यंत पोहोचू दिले जात नाही त्यांच्यासाठी दार धरून ठेवते. तिकडची वेगळी यादी दारापर्यंत आपल्या पायांनी पोहोचलेल्यांना परत पाठवीत होती. पहिली यादी उघड आहे म्हणून तिच्यावर चर्चा होते. दुसरी गुपचूप होती म्हणून तिलाच गुणवत्ता म्हटले गेले.

चाळणी पार करून आत गेलेल्या मुलीचे पुढे काय? शाळेच्या टोकाशी विद्यापीठ होते, आणि तिथली चाळणी आणखी बारीक. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ मध्ये. तिथली पुरुषांची पहिली काही महाविद्यालये स्त्रियांना खुली झाली १९७२ मध्ये, ऑक्सफर्डची १९७४ मध्ये. तोवर ह्या दोन्ही ठिकाणी स्त्रियांची मोजकी महाविद्यालये आणि त्यांतल्या मोजक्या जागा. ग्रामर स्कूलचा मुलगा ज्या शिडीवर चढत होता तिच्या वरच्या पायऱ्या मुलीच्या बाबतीत अरुंद केलेल्या होत्या. तिला कुणी ढकलले नाही; तिला ‘शिक्षिका हो’, ‘नर्स हो’, ‘सेक्रेटरी हो’ असा प्रेमळ सल्ला दिला गेला.

आणि शाळेच्या आत? मुलींच्या ग्रामर स्कूलमधील जीवनाविषयी जे जे लिहिले गेले आहे त्यात गणवेश हा विषय हटकून येतो. ठराविक रंगाचा कोट, ठराविक हॅट, शाळेत घालायचे निराळे बूट, ट्युनिकची गुडघ्यापासूनची लांबी, हॉकीची काठी. शिक्षण निःशुल्क झाले होते, गणवेश नव्हे. त्या खर्चापायी मिळालेली जागा सोडावी लागलेल्या मुलींची उदाहरणे आहेत. पण खर्च हा भाग लहान. रस्त्यात हॅट काढली म्हणून शिक्षा, रस्त्यात खाल्ले म्हणून शिक्षा, बसमध्ये मोठ्याने हसले म्हणून शिक्षा: ह्या नियमांत शाळेच्या फाटकाबाहेरही मुलीच्या देहावर शाळेचा ताबा आहे, असे गृहीत होते. मुलग्यांच्या शाळेतही टोपी होती, नियमही होते. फरक असा की मुलग्याचा नियमभंग खोडी ठरे, मुलीचा नियमभंग चारित्र्य ठरे. ज्या वस्तीतून ती आली त्या वस्तीतल्या मुलींसारखे दिसायचे नाही, हा गणवेशाचा पहिला धडा. स्वतःच्या चुलतबहिणीपासून, शेजारणीपासून वेगळे होणे ही शिकण्याची पूर्वअट होती.

अभ्यासक्रमात तर सगळा अंतर्विरोध उघडाच होता. ज्या नॉरवुड अहवालाने १९४३ साली तीन प्रकारच्या शाळांना वैचारिक आधार दिला, त्याने मुलांच्या मनाचे तीन प्रकार कल्पिले. ज्ञानासाठी ज्ञान शोधणारे मन पहिल्या प्रकारात, ग्रामर स्कूलच्या योग्यतेचे. ह्या मनाचे वर्णन करताना वापरलेले सर्वनाम पुल्लिंगी आहे. इंग्रजीची ती रीतच होती, असे म्हणता येईल. पण त्याच अहवालात गृहशास्त्राचा विचार आला की मुली लगेच दिसू लागतात. पुढे १९४८ साली हर्टफर्डशरचे शिक्षणाधिकारी जॉन न्यूसम ह्यांनी मुलींच्या शिक्षणावर एक पुस्तकच लिहिले आणि मुलग्यांच्या साच्यातले शिक्षण मुलींना देण्याला विरोध केला. मुलींना गृहिणीपदासाठी तयार करावे असे त्यांचे म्हणणे. अनेक ग्रामर शाळांत ह्या वादाचा निकाल तुकड्यांच्या वाटणीत लागला. वरच्या तुकडीला लॅटिन, खालच्या तुकडीला स्वयंपाक आणि शिवण. एकाच शाळेच्या एकाच मजल्यावर दोन भविष्ये वाटली जात होती. साधारण १९६० पर्यंत ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या प्रवेशाला लॅटिन लागत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे तुकडीची वाटणी किती दूरवर परिणाम करीत होती हे कळेल. आणि वरच्या तुकडीतल्या मुलीला तरी सुटका होती का? तिने व्हर्जिलही वाचायचा आणि शेवटी लग्नही करायचे, हुशार असायचे पण हुशारी दिसू द्यायची नाही. शाळा तिला दोन परस्परविरोधी आज्ञा एकाच आवाजात देत होती.

हा आवाज कुणाचा होता? बहुतेक वेळा एका अविवाहित शिक्षिकेचा. इंग्रजी कादंबरीत आणि विनोदात ही ‘मिस’ फार बदनाम झाली आहे: शुष्क, खडूस, कुणा युद्धात गेलेल्या प्रियकराच्या आठवणीवर जगणारी. म्युरिअल स्पार्कच्या १९६१ च्या ‘द प्राइम ऑफ मिस जीन ब्रॉडी’तील नायिकाही, ती स्कॉटलंडच्या वेगळ्या व्यवस्थेतली असली तरी, फ्लँडर्समध्ये पडलेल्या वाग्दत्त वराची कथा वर्गात सांगते. आपण ही कादंबरी शिकवताना व्यक्तित्वाची मोहिनी, फॅसिझमचे आकर्षण, निवेदनातील काळाची उलथापालथ इत्यादी मुद्द्यांवर बोलतो. मात्र एक कोरडी वस्तुस्थिती सांगायची राहते. दोन महायुद्धांमधल्या काळात पुष्कळ शिक्षण अधिकारी विवाहित शिक्षिकेला नोकरीवर ठेवतच नसत. लग्न केले की राजीनामा. लंडन कौंटी कौन्सिलने ही बंदी १९३५ मध्ये उठवली, देशभर ती गेली १९४४ च्या कायद्याने. समान वेतनाचा निर्णय १९५५ चा, आणि ते पूर्णपणे हाती आले १९६१ मध्ये. म्हणजे पन्नाशीच्या दशकात वर्गात उभी असलेली ती ‘मिस’ लग्न न जमलेली बाई असेलच असे नाही. नोकरी आणि लग्न ह्यांतून एकच निवडण्यास भाग पाडलेली, आणि नोकरी निवडलेली बाई ती असू शकते. समोरच्या मुलींना ती जे शिकवत होती त्यातला सर्वांत महत्त्वाचा पाठ ती स्वतः होती. तो पाठ प्रेरक होता की भयावह, हे प्रत्येक मुलीने आपापले ठरवले.

आता ज्यांनी हे जगून लिहिले त्यांच्याकडे वळू. लॉर्ना सेजचे ‘बॅड ब्लड’ २००० साली प्रसिद्ध झाले, त्याला चरित्र विभागातील व्हिटब्रेड पारितोषिक मिळाले, आणि जानेवारी २००१ मध्ये, ते जाहीर झाल्यानंतर काही दिवसांतच, लेखिका वारली. वेल्सच्या सीमेवरील खेड्यातली, पाद्री आजोबांच्या घरात वाढलेली ही मुलगी मुलींच्या ग्रामर स्कूलमध्ये गेली आणि लॅटिनच्या प्रेमात पडली. हे प्रेम समजून घेण्यासारखे आहे. मृत भाषेचा एक मोठा गुण असा की तिचा उच्चार कुणाच्याच घरचा नसतो. इंग्रजी बोलताच तोंडून वर्ग बाहेर पडतो. लॅटिनसमोर डॉक्टरची मुलगी आणि लॉरीचालकाची मुलगी सारख्याच परक्या. सोळाव्या वर्षी सेज गरोदर राहिली. तिच्या काळातील कथानकाप्रमाणे गोष्ट इथे संपायला हवी होती, ज्युडिथची संपते तशी. ती संपली नाही. तिने लग्न केले, मूल झाले, तरीही डरहम विद्यापीठात प्रवेश मिळवला, आणि १९६४ साली ती व तिचा नवरा दोघेही इंग्रजी विषयात प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाले. शाळेने दिलेल्या दोन आज्ञांपैकी एक निवडायला तिने नकार दिला. आणि हा नकार देण्याचे बळ तिला काही अंशी त्याच शाळेतल्या लॅटिनने दिले, हे कबूल केल्यावाचून ते पुस्तक वाचता येत नाही.

कॅरोलिन स्टीडमनचे ‘लँडस्केप फॉर अ गुड वुमन’ (१९८६) ह्याहून कठोर आहे, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचे. दक्षिण लंडनमध्ये वाढलेली ही लेखिका लँकशरमधून आलेल्या आपल्या आईची गोष्ट सांगते. आईला हवे असते ते चांगले कपडे, चांगले घर, न मिळालेल्या वस्तू. आरोग्यसेविका घरी येऊन हे घर बाळाला योग्य नाही असे बजावून जाते, आई रडते, आणि लहान मुलगी ते पाहते. हॉगर्टच्या पुस्तकातली कामगारवर्गीय आई सोशिक, मायाळू, निरिच्छ आहे. स्टीडमन विचारते की ह्या आईला हेवा का वाटू नये? इच्छा का असू नये? तिला अंतर्मनच का असू नये? हा प्रश्न तिने सिद्धान्तकाराच्या खुर्चीतून विचारलेला नाही. ग्रामर स्कूलमध्ये गेलेली आणि आईला मागे ठेवून आलेली मुलगी म्हणून विचारला आहे. तरीही आपण काय करतो? हॉगर्टचे स्वानुभवातून आलेले लेखन ‘सिद्धान्त’ म्हणून शिकवतो, आणि स्टीडमनचे स्वानुभवातून आलेले लेखन ‘आत्मचरित्र’ म्हणून जास्तीच्या वाचनाच्या यादीत टाकतो. पुरुषाचे बालपण हा पुरावा आणि बाईचे बालपण हा भावविश्वाचा आविष्कार, ही वाटणी कोणत्या शास्त्रात बसते?

तिसरे नाव मेरी इव्हान्सचे. ‘अ गुड स्कूल’ (१९९१) हे पन्नाशीच्या दशकातील मुलींच्या ग्रामर स्कूलवरचे तिचे पुस्तक आकाराने लहान आणि सुराने उपरोधिक आहे. चांगली शाळा म्हणजे काय, हा प्रश्न समाजशास्त्रज्ञ झालेली माजी विद्यार्थिनी विचारते, आणि ‘चांगली’ ह्या विशेषणात अभ्यास किती आणि सभ्यपणा किती ह्याचा हिशेब मांडते. ह्या तिन्ही पुस्तकांना एकत्र ठेवले तर जे दिसते ते हॉगर्टच्या चित्रात मावत नाही. मुलाला दोन वर्गांमध्ये फाटावे लागले; मुलीला वर्गांमध्ये तर फाटावे लागलेच, शिवाय ‘विद्यार्थिनी’ आणि ‘बाई’ ह्या दोन व्याख्यांमध्येही.

ह्या मुलीला न वाचल्यामुळे दोन गट एकाच वेळी चुकतात. पहिला गट स्मरणरंजनवाल्यांचा. ग्रामर स्कूल म्हणजे गरिबाची शिडी, ती डाव्यांनी मोडली, असे ते म्हणतात. इतिहास इतका सोपा नाही. सर्वांसाठी एकच शाळा आणण्याचे परिपत्रक मजूर सरकारने १९६५ मध्ये काढले हे खरे. पण ग्रँथमच्या मुलींच्या ग्रामर स्कूलमधून आलेल्या मार्गारेट थॅचर १९७० ते १९७४ शिक्षणमंत्री असताना, ते परिपत्रक मागे घेऊनही, त्यांच्याच सहीने असंख्य शाळांचे रूपांतर झाले. कोणत्याही शिक्षणमंत्र्याने इतक्या रूपांतरांना मंजुरी दिलेली नाही. टेरेसा मे ज्या मुलींच्या ग्रामर स्कूलमध्ये शिकत होत्या ते त्या तिथे असतानाच १९७१ मध्ये सर्वांसाठीच्या शाळेत विलीन झाले. पुढे पंतप्रधान म्हणून २०१६ मध्ये त्यांनी नव्या ग्रामर शाळांची योजना आणली आणि २०१७ च्या निवडणुकीनंतर ती सोडून दिली. नवी निवडक शाळा काढण्यास १९९८ च्या कायद्याने बंदी आहे. तिला वळसा घालून पहिला मोठा विस्तार झाला तोही केंटमधील एका मुलींच्याच ग्रामर स्कूलचा, २०१७ मध्ये सेव्हनओक्स येथे ‘शाखा’ ह्या नावाखाली. इंग्लंडमध्ये आज उरलेल्या १६३ ग्रामर शाळांत गरिबाची मुलगी किती? सटन ट्रस्टच्या २०१३ च्या पाहणीनुसार ह्या शाळांत प्रवेश घेणाऱ्यांपैकी मोफत दुपारच्या जेवणास पात्र असलेली मुले तीन टक्क्यांहून कमी होती, तर सुमारे तेरा टक्के मुले सरकारी व्यवस्थेबाहेरून, मुख्यतः फी घेणाऱ्या शाळांतून आली होती. शिडी आहे, पण तिच्या पायथ्याशी खासगी शिकवणीचे तिकीटघर आहे.

दुसरा गट आपल्या जवळचा, म्हणजे पुरोगाम्यांचा. निवडक शाळा ही वर्गीय पुनरुत्पादनाची यंत्रणा, असे एका वाक्यात सांगून तो मोकळा होतो. वाक्य खोटे नाही, अपुरे आहे. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका बाई होती, गणिताची शिक्षिका बाई होती, वाचनालयाची किल्ली बाईकडे होती, आणि वर्गात पहिला येणारा ‘तो’ नव्हता. शिक्षण खात्याच्या निरीक्षकांनी १९७५ मध्ये केलेल्या पाहणीत असे आढळले की भौतिकशास्त्र मिश्र शाळांत मुलींना अधिक प्रमाणात उपलब्ध होते, पण संधी मिळाल्यास ते निवडण्याचे प्रमाण केवळ मुलींच्या शाळांतील मुलींमध्ये जास्त होते. प्रयोगशाळा कमी, गृहशास्त्राचे स्वयंपाकघर मोठे, आणि तरीही हे. व्यवस्थेच्या हेतूंविरुद्ध जाऊन तिच्या आत काहीतरी घडत होते. त्याची नोंद न घेता यंत्रणेवर टीका करणे म्हणजे ज्या मुलींनी ती यंत्रणा वाकवली त्यांनाही यंत्रणेचा सुटा भाग समजणे होय.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे म्हणून बाजूला ठेवण्याची सोय मराठी वाचकाला नाही. पुण्यात १८८४ साली मुलींचे हायस्कूल, पुढे हुजूरपागा म्हणून नावाजलेले, निघाले तेव्हा टिळकांच्या ‘मराठा’ने कोणत्या दोन गोष्टींवर बोट ठेवले? अभ्यासक्रम आणि शाळेची वेळ. मुलींना मुलग्यांसारखे का शिकवावे, आणि दिवसभर शाळेत बसवले तर घरकाम कधी शिकतील? न्यूसमने १९४८ मध्ये पुस्तक लिहिले त्याच्या साठएक वर्षे आधी हा युक्तिवाद पुण्यात मांडून झाला होता. तेव्हा ‘मुलींना वेगळे शिक्षण’ ही पौर्वात्य परंपरेची मागणी आणि ‘समान शिक्षण’ ही पाश्चात्त्य आधुनिकतेची देणगी, ही आपल्या पाठ्यपुस्तकी मांडणी टिकत नाही. आणि लॅटिनचा प्रश्न आपल्याकडे संस्कृतच्या रूपाने उभा राहिला, तेव्हा त्याची धार कितीतरी अधिक होती. कुमुद पावडे ह्यांनी ‘अंतःस्फोट’मध्ये (१९८१) दलित स्त्रीने संस्कृत शिकण्याची जी हकीकत लिहिली आहे, ती सेजच्या लॅटिनशेजारी ठेवून पाहावी. साम्य शोधण्यासाठी नव्हे, तर फरक मोजण्यासाठी. लॅटिनला सेजच्या स्पर्शाने विटाळ होत नव्हता.

म्हणून मागणी अशी. ज्यांच्या हाती अभ्यासक्रम आहेत त्यांनी हॉगर्टचे ते प्रकरण जरूर शिकवावे. पण त्याच आठवड्यात, त्याच दर्जाचा मजकूर म्हणून, स्टीडमन शिकवावी. प्रश्नपत्रिकेत ‘स्कॉलरशिप बॉयची संकल्पना स्पष्ट करा’ असा प्रश्न असेल, तर त्या खोलीत इस्त्री कोण करत होते हेही विचारावे. वुल्फची ज्युडिथ शिकवताना १९२९ वर थांबू नये. आणि ‘निव्वळ गुणवत्ता’ हे शब्द कुणी वर्गात उच्चारले, तर त्याला बर्मिंगहॅमचे ५४० आणि ३६० हे दोन आकडे फळ्यावर लिहून दाखवावेत. उरलेल्या १८० मुली कुठे गेल्या, ह्याचे उत्तर त्याने द्यायचे आहे.